ब्रास

कुरुंदवाडच्या घाटाखाली होडी लागली तेव्हा
लाइफजॅकेटं पाच आणि आम्ही सात.
"पवता येतंय म्हणून कुणी खोटं सांगू नका," रावसाहेब आंबी म्हणाला.
तरी जिनगोंडानं सांगितलंच.
शकिलानं जॅकेटवरून पदर घेतला
आणि भडंगाची पिशवी मांडीवर अशी धरली
की बुडालोच तर आधी ती वाचावी.

माणशी दीडशे. तासाभराची फेरी. नियम तीन:
चपला होडीत.
मी थांबलो की थांबायचं.
आणि परत चढताना पाय झाडायचे,
एक कण न्यायचा नाही.

कारखान्याच्या मळीचा वास अर्ध्या नदीपर्यंत आला
आणि तिथून मागे फिरला.

बेट म्हणजे नदीनं उन्हाला दिलेली पाठ.
गेल्या साली ते पलीकडच्या अंगाला होतं,
पुरानं उचलून हिकडं ठेवलं, रावसाहेब म्हणाला.
त्याला नाव नाही. सातबारा नाही.
मगदूम, जन्मभर तलाठी, बेचैन झाला:
"मग हे हाय तरी कुणाचं?"

रावसाहेब वाकला.
वाळूत दोन्ही बाजूंना पंजे,
मधून ओला दोर ओढत न्यावा तशी रेघ.
"सकाळीच गेलीया. शेपूट बघा किती सरळ.
घाई नव्हती तिला."
घाई आम्हाला सुटली.
कॉलेजात एनसीसीला लागायची तशी ओळ
चाळीस वर्षांनी आपोआप लागली,
फक्त उंचीप्रमाणे नाही, भीतीप्रमाणे.
पोहणारा जिनगोंडा बरोबर मधोमध.

मग तो थांबला. आम्ही थांबलो.
माझ्या उजव्या पायापुढे वीतभर
तीन अंडी.
अंडी कसली, ठिपके पडलेली वाळूच,
जरा गोल झालेली.
डोक्यावर टिटवी आमच्या सात पिढ्या काढत होती.
"रेघ मारतो," रावसाहेब म्हणाला, आणि अंगठ्यानं मारली.
"ह्या अंगाला तुम्ही. त्या अंगाला ती."
इतकी साधी मोजणी
मगदूमनं उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"आधी काय करायचा तुम्ही?" शकिलानं विचारलं.
"हेच की. वाळू.
बुडी मारायची, बादली भरायची, वर द्यायची.
पंधरा वर्षं. कान गेला एक त्यात."
"आणि जायची कुठं?"
"कोल्हापूरला. राजारामपुरी म्हणू नका, ताराबाई पार्क म्हणू नका.
एकेका दिवसाला चार-चार ट्रक."
सांगताना त्याचा आवाज
ना वर गेला, ना खाली.

माझं घर दोन हजार तीनचं. राजारामपुरी, आठवी गल्ली.
वाळू अकरा ब्रास.
पावती अजून फायलीत आहे.

मी त्याला सांगितलं नाही.
चांगल्या कानाच्या बाजूलाच उभी होते, तरी.

परतताना होडीच्या काठावर बसून
साठीची सात माणसं पाय झाडत होती.
रावसाहेब एकेकाच्या बोटांच्या बेचक्यात बघत होता.
जिनगोंडाच्या पँटीची दुमड उलटी केली
तर चहाचा चमचाभर निघाली;
"चोर हाय ह्यो!" सगळे हसले,
मीही, जरा उशिरा.

न्हाणीघराच्या भिंतीला दरवर्षी ओल येते.
रंगारी येतो, पोपडा धरतो, रंगारी पुन्हा येतो.
रात्री तिथं उभी राहून नख लावलं.
आधी चुना, मग सिमेंटची राख,
मग ती.
दिव्याखाली धरली तर एक कण चमकला,
दुसरा शिंपल्याचा तुकडा असावा. असावाच.

चिमूटभर आहे.
भडंगाच्या रिकाम्या पिशवीत बांधून ठेवलीय.
पुढच्या रविवारी दीडशे रुपये देऊन
एकटीच जाईन म्हणते,
आणि चपला होडीत ठेवता ठेवता विचारीन:
रावसाहेब, न्यायचा नाही म्हणालात,
आणलेला चालतो का?